जत्रा, सरकारी खर्च आणि "त्याला हात लावू नको": वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव बेळगाव तालुक्यात, शहराच्या पश्चिमेला, भात, रताळी आणि बटाट्याचं. लक्ष्मीची जत्रा बऱ्याच वर्षांनी भरली आणि देवस्की पंच कमिटीत, म्हणजे देवाचं आणि जत्रेचं बघणाऱ्या गावच्या पंचांत, हिशेबाची वही माझ्याकडं आली, तेव्हापासून लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या दारात, बसमध्ये. आजूबाजूच्या गावांत जत्रा ठरली की तिथलीही पोरं फोन करतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवलेलं बरं. काही प्रश्न जत्रेचे आहेत, काही सरकारच्या खर्चाचे. मला दोन्ही एकाच गोठ्यातले वाटतात, कारण दोन्हीकडं पैसा आपलाच असतो आणि दोन्हीकडं हिशेब विचारला की एकच उत्तर मिळतं, आजवर चालत आलंय, त्याला हात लावू नको.

"हात लावायचा नाही" म्हणजे नेमका कुठला खर्च?

ज्याच्यावर मीटिंगमध्ये चर्चाच होत नाही तो. गटारीच्या कामात चार हजार जास्त गेले तर गावात तासभर वाद होतो, खरं डॉल्बीला त्याच्या कितीतरी पट गेले तर कोण तोंड उघडत नाही, कारण ते जत्रेचं. सरकारातही तसंच असतंय. काही रकमा दरवर्षी कागदावर येतात आणि कोण बघायच्या आत मंजूर होऊन जातात. रक्कम मोठी की लहान याचा संबंध नाही, तिच्याभोवती मान, देव, भाषा, राजा किंवा मतं यातलं काहीतरी गुंडाळलेलं असतं म्हणून ती सुटते.

जत्रेत एवढा पैसा जातो तरी कुठं?

बाहेरच्या माणसाला वाटतं देवळावर जात असेल. देवीचं जे खरं काम, म्हणजे मूर्तीचं रंगकाम, चितारीची मजुरी, रथ, गदगा (देवी बसवायचा कट्टा), अक्षतांचा मांडव, भंडारा, ओटीचं सामान, हे सगळं मिळून आमच्या वहीत एक पान भरलं नाही. बाकीची पानं शामियाना, लायटिंग, डॉल्बी, आर्केस्ट्रा, पाण्याचे टँकर, कमानी आणि कमानीवरच्या फोटोंची.

आणि हे झालं फक्त गावाचं. त्याच्यापेक्षा मोठा खर्च घराघरात होतो आणि तो कुठल्याच वहीत येत नाही. जत्रा ठरली की पहिलं घर रंगवायचं, मग पत्रे किंवा कौलं बदलायची, फरशी घालायची, माहेरवाशिणींना साड्या, जावयांना कापडं, पै-पाहुण्यांना बकऱ्याचं जेवण, आणि पाहुणे म्हणजे चार घरचे नव्हे तर कामावरचे, मित्रांचे मित्र, ज्यांना आपण आयुष्यात परत भेटणार नाही असेसुद्धा. त्यात जत्रेआधी वार पाळणूक असते, मंगळवार शुक्रवार शेतात जायचं नाही, म्हणजे ऐन कामात मजुरीचे दिवस गेले. वार पाळण्याला माझा विरोध नाही, ते मोडणं माझ्या डोक्यातही येत नाही, फक्त तोही खर्चच आहे आणि तो हातावर पोट असणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतो हे मोजताना धरायला पाहिजे एवढंच.

तुम्हाला ह्याचं एवढं का लागलंय?

आमच्या घरात बाबांची एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. मागच्या जत्रेच्या वेळी मी आठवीत होतो. त्या वहीत एका बाजूला खर्च, एका बाजूला पैसे कुठून आणले ते, बाबांच्या बारीक अक्षरात. रंग, चुना, दार, दोन बकरी, आचारी, ३१ साड्या, गॅस, पत्रावळ्या. दुसऱ्या बाजूला सोसायटी, पिग्मी (रोजची बचत) मोडली, मामाकडून हातउसने, आणि एक नाव मी इथं लिहीत नाही, ते व्याजानं देणारे. त्या नावापुढं बाबांनी लिहिलंय "रताळी आल्यावर". पुढच्या वर्षीच्या पानावर तेच नाव, रक्कम वाढलेली, पुढं परत "रताळी आल्यावर". असं तीन पानं. तिसऱ्या पानावर ताईच्या नर्सिंगच्या ॲडमिशनची फी लिहिलीय आणि त्याच्यावर एक आडवी रेघ आहे.

बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. जत्रा चांगली झाली एवढंच म्हणायचे. ताईपण नाही बोलली. वही मला कपाटात सापडली ती मी कमिटीत आल्यावर, जुन्या जत्रेत भंडारा किती पोती लागला होता ते बघायला म्हणून काढली होती.

हिशेब मागणं म्हणजे देवीवर अविश्वास नव्हे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि तो विचारणारी माणसं मनापासून विचारतात म्हणून नीट सांगतो. देवीनं डॉल्बी मागितलेली नाही. तिला ओटी पाहिजे, गाऱ्हाणं पाहिजे, अक्षता पाहिजेत, सीम नीट बांधली पाहिजे. बाकीचं आपण मागितलेलं आहे आणि तिच्या नावावर टाकलेलं आहे. माझी आत्या पहिल्यांदा रागावली होती, वही बघून म्हणाली, "काय करूलास रे हे, देवाच्या पैशाचा कुणी हिशेब करतंय काय?" मी म्हटलं आत्या, देवाचा पैसा आहे म्हणूनच तर पै न पै लिहायला पाहिजे, आपला असता तर नसता लिहिला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनंच सांगितलं की मागच्या वेळेला उरलेले पैसे कुठं गेले ते तिच्या नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि तो पंच होता.

जुनी पद्धत बदलली की जत्रा मोडते, खरं काय?

मोडत नाही. म्हैसूरचा दसरा बघा. सोन्याच्या अंबारीत, ती ७५० किलोची म्हणतात, हत्तीवर महाराज बसायचे. म्हैसूरकरांना दुसरं काही सुचलंच नसतं, दसरा म्हणजेच महाराज. राजेपण गेलं आणि त्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती बसवली. आज जंबू सवारी बघायला लाखो माणसं येतात आणि पोराबाळांना वाटतं अंबारीत देवीच असते, असंच चालत आलंय. म्हणजे प्रथेचा जो भाग सगळ्यात पक्का वाटत होता तोच निघाला आणि प्रथा उलट मोठी झाली.

आपल्या भागातलं याहून कठीण उदाहरण सौंदत्तीच्या डोंगराचं आहे. यल्लम्माला मुली सोडायची चाल. त्याला तर कोण हात लावेल असं वाटत नव्हतं. मुंबई इलाख्यात १९३४ ला कायदा झाला, मग कर्नाटकात १९८२ ला, दोन कायदे लागले कारण पहिल्यानं काम झालं नाही. निपाणी, गडहिंग्लज भागातल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आज यल्लम्माची जत्रा भरतेच आहे, बैलगाड्या जातात, उदं गं आई उदं होतंच आहे. बंद व्हायला पाहिजे होतं ते पूर्ण बंद झालंय असं मी म्हणणार नाही, खरं यात्रा मोडेल म्हणून जी भीती घातली होती ती खोटी निघाली.

बकऱ्याचं काय? कायदा काय सांगतो?

कर्नाटकात १९५९ पासून देवळात आणि देवळाच्या आवारात पशुबळी द्यायला बंदी आहे. घरात जेवणाला मटण करणं ही वेगळी गोष्ट. तरी आम्ही गावात ठराव केला तो कायद्यामुळं नव्हे, बकऱ्याच्या भावामुळं. जत्रा जवळ आली की भाव चढतात आणि शेजाऱ्यानं दोन आणली म्हणून आपण दोन आणायची. ठराव असा होता की एक दिवस सगळ्या गावाचा महाप्रसाद एकत्र आणि घरची पंगत ज्याची त्याच्या ऐपतीनं, साड्या आणि आहेर पूर्ण बंद. आहेर बंदीला सगळ्यात जास्त पाठिंबा बायकांनी दिला, ज्यांना साड्या मिळणार होत्या त्यांनीच. एक माहेरवाशीण म्हणाली, भाऊ साडी देतो आणि वर्षभर फोन करत नाही कारण त्याच्याकडं पैसे मागू काय म्हणून त्याला भीती वाटते.

गावाचं ठीक, खरं सरकारनं कधी अशा खर्चाला हात लावलाय काय?

लावलाय, आणि आपल्या पायाखालच्या जमिनीतच त्याचा पुरावा आहे. आज बेळगाव शहरात असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. रामदुर्ग, आता आपल्या जिल्ह्यातला तालुका, स्वतंत्र संस्थान होतं. जमखंडी, मुधोळ अशी आजूबाजूला बरीच. संस्थानं विलीन झाली तेव्हा राजांना तनखे द्यायचं कबूल केलं आणि ते थेट राज्यघटनेत घातलं, कलम २९१. म्हैसूरच्या महाराजांना वर्षाला २६ लाख. घटनेत लिहिलेलं म्हणजे याच्यापेक्षा जास्त हात न लावण्यासारखं काय असणार?

१९७० ला इंदिरा गांधींच्या सरकारनं तनखे काढायचं बिल आणलं, लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेत दोन तृतीयांश मतांना एक मतसुद्धा नव्हे, मताचा अपूर्णांक कमी पडून पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं राजांची मान्यता काढली तर सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला. शेवटी १९७१ ला सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे गेले. देशाच्या बजेटच्या मानानं रक्कम छोटी होती, शेवटी शेवटी वर्षाला पाच कोटींच्या आत. तरीसुद्धा एवढी धडपड लागली. आणि दुसरी बाजूपण सांगतो, दिलेला शब्द सरकारनं मोडला असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मला तनखे गेले ते बरोबर वाटतं, खरं शब्द देऊन मोडताना लाज वाटायला पाहिजे हेपण बरोबर वाटतं.

कुलकर्णी, पाटील यांची वतनं पण अशीच गेली काय?

हो. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं आपल्याकडं परगणा आणि कुलकर्णी वतनं मुंबईच्या १९५० च्या कायद्यानं गेली, पाटीलकी म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्यानं. शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी महार वतनाला १९१८ लाच हात घातला होता. वतन म्हणजे मान असं आपल्याला शिकवलं जातं, खरं महार वतनात मानाच्या नावाखाली राबवून घेणं होतं, तुकडाभर जमिनीच्या बदल्यात दिवसरात्र गावाचं कुठलंही काम. म्हणून मानपानाचं बोलणं निघालं की मी आधी विचारतो, ह्यात राबणार कोण आहे?

रेल्वे बजेट बंद झालं त्यानं आपलं नुकसान झालं का?

हा प्रश्न विशेष करून रिटायर्ड माणसं विचारतात. वेगळं रेल्वे बजेट १९२४ पासून होतं, शेवटचं २५ फेब्रुवारी २०१६ ला सुरेश प्रभूंनी मांडलं आणि १ फेब्रुवारी २०१७ ला अरुण जेटलींनी एकत्र बजेट मांडलं. ९२ वर्षांची पद्धत. त्याच्या आधी बजेट संध्याकाळी पाच वाजता मांडायची इंग्रजांची पद्धत होती, ती १९९९ ला यशवंत सिन्हांनी सकाळी अकरावर आणली, तेव्हाही काही आकाश कोसळलं नाही.

आपल्याकडं त्या दिवशी लोक रेडिओ टीव्हीपुढं बसायचे, बेळगावचं नाव येतंय काय बघायला. नाव यायचं, टाळ्या व्हायच्या, काम यायचं नाही. त्यामुळं ते बजेट गेल्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड लाईनचं, जिच्यामागं आपले खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना लागले होते आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनानं गेले. आता मोठ्या बजेटमध्ये आपल्या लाईनचा आकडा शोधायला बारीक अक्षरातली कागदपत्रं उघडावी लागतात. ती इंटरनेटवर असतात, एकदा उघडून बघा.

मोठ्या नेत्यांनी स्वतःच्या खर्चाला कधी हात लावलाय काय?

आपल्या टिळकवाडीतच. डिसेंबर १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव. स्वागताची सगळी धुरा हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांवर. गांधीजींसाठी बांबू आणि गवताची झोपडी उभी केली, तिला साडेतीनशे रुपये लागले, आणि तेवढेसुद्धा त्यांना जास्त वाटले. प्रतिनिधींची फी दहा रुपयांवरून एक रुपयावर आणली, गरीब माणूसही येऊ शकावा म्हणून. अधिवेशनासाठी खणलेली विहीर काँग्रेस विहीर म्हणून अजून आहे, कधी त्या बाजूला गेलात तर पोरांना दाखवा. मला त्या झोपडीची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण खर्च कमी करा असं सांगणारे खूप असतात, माझ्यासाठी केलेला खर्च जास्त झाला असं म्हणणारा विरळा.

तुम्ही फक्त आपल्याच देवाधर्मावर का बोलता?

बोलत नाही. हज सबसिडी बंद करायला सुप्रीम कोर्टानं २०१२ ला दहा वर्षांची मुदत दिली होती, सरकारनं २०१८ लाच बंद केली. त्याच न्यायानं आपल्या राज्यात मानससरोवरला आणि काशीला जाणाऱ्याला मुजराई खात्याकडून, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याकडून, अनुदान मिळतं, त्यावरही बोलायला पाहिजे. खासदारांच्या कँटीनची सबसिडी २०२१ ला गेली, लाल दिवे १ मे २०१७ ला गेले. कुणाचाही असो, प्रश्न एकच, कुणाच्या पैशातून आणि कुणाला.

गावच्या देवळाचा पैसा सरकार घेतं असं ऐकतो, ते?

मुजराई खात्याखालच्या देवळांचंच हे आहे, पंच कमिटीनं चालवलेल्या गावच्या देवळांचं नाही. १९९७ च्या कायद्याखाली मोठ्या उत्पन्नाच्या देवळांनी काही टक्के रक्कम एका सामाईक निधीत द्यायची आणि ती छोट्या, उत्पन्न नसलेल्या देवळांसाठी वापरायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये टक्केवारी बदलणाऱ्या बिलावर मोठा गदारोळ झाला, विधान परिषदेत ते पडलं आणि विधानसभेनं परत मंजूर केलं. भांडण ऐकून लोकांना वाटतं सगळ्याच देवळांची पेटी सरकार उचलून नेतं. आपल्या गावची पेटी आपल्याच पंचांकडं असते, तिची किल्ली कुणाकडं आहे ते आधी विचारा.

गॅरंटी योजनांना हात लावायला पाहिजे काय?

पाच गॅरंटी, म्हणजे बायकांना फुकट बस, घरच्या बाईला गृहलक्ष्मीचे दोन हजार अशा राज्य सरकारच्या योजना, यांच्यासाठी २०२४-२५ च्या बजेटमध्ये सुमारे ५२,००० कोटी धरले होते. आज कुठल्याच पक्षात त्या बंद करतो म्हणायची हिंमत नाही, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत एक नवीन हात न लावण्यासारखी गोष्ट तयार झाली. त्याच्या आधीपासून शेतीच्या १० एचपीपर्यंतच्या पंपाची वीज फुकट आहे, ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना आहे आणि खरी किंमत त्याच्या कितीतरी पट. मी स्वतः ते पोतं घेतो. त्यामुळं वरून उपदेश करणार नाही.

आमच्या आईचं सांगतो. तिला कोल्हापूरला अंबाबाईला जायचं असलं की ती साध्या लाल बसनं निपाणीपर्यंत फुकट जाते, तिथं उतरून महाराष्ट्राची एसटी पकडते आणि हद्दीपासून पुढं अर्ध्या तिकिटात पोचते. पिशवीत आधार कार्ड, ओटीचं सामान आणि चपात्या. पूर्वी ती वर्षातून एकदा जायची आणि बाबांना विचारून जायची. आता विचारत नाही, सांगून जाते. ह्याची किंमत बजेटच्या कुठल्या रकान्यात धरायची ते मला सांगता येत नाही, खरं ती आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या घरात दोन गाड्या आणि मोठी नोकरी आहे तिथंही गृहलक्ष्मीचे दोन हजार जात असतील तर ते विचारायला पाहिजे, आणि ते विचारणाऱ्याला गरिबांचा शत्रू म्हणू नये.

सुवर्णसौधावर बोललं की भांडण होतं, तुम्ही बोलणार का?

बोलतो. सुवर्णसौध म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत. हलगा-बस्तवाड भागात ती उभी आहे, ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी उद्घाटन केलं, शेकडो कोटी लागले. हिवाळी अधिवेशन वर्षातले दहा-बारा दिवस चालतं. त्या दिवसांत शहरात हॉटेलं भरतात, रस्ते रंगतात, बंदोबस्त येतो. हा खर्च मोजायला गेलं की प्रश्न भाषेचा होतो, सीमेचा होतो, आणि मग कानडी माणूस गप्प बसतो कारण त्याला वाटतं हा आपला मान आहे आणि मराठी माणूस नुसता ओरडतो कारण त्याला वाटतं हा आपल्याला दाखवायला बांधलाय. दोघांचेही रस्ते तेवढेच खराब राहतात. मला अधिवेशन बेळगावात व्हायला हरकत नाही. उत्तर कर्नाटकाचे प्रश्न त्यात किती तास बोलले गेले तेवढं कुणीतरी मोजून दरवर्षी शहरात लावावं.

मग सीमालढ्याच्या वर्गणीचा हिशेबही मागायचा?

मागायचा. हे लिहिताना मला जड जातंय. आमच्या घरात १७ जानेवारीला चूल उशिरा पेटते, आजोबा हुतात्म्यांना अभिवादन करून आल्यावर. आज्जीनं लढ्याला दिलेले पैसे कधी मोजले नाहीत आणि कधी परत विचारले नाहीत. सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा २००४ पासून आहे, ८६५ गावांचा प्रश्न आहे, पिढ्या गेल्या. अशा कामाला दिलेला पैसा आपल्याला देवाच्या पैशासारखा वाटतो, आणि नेमकं म्हणूनच तिथं हिशेब स्वच्छ पाहिजे. कुणावर आरोप करायचा नाही. जिथं जिथं मराठीच्या नावानं पावती फाडली जाते तिथं वर्षाला एक कागद लागला पाहिजे, आले किती, गेले किती, उरले किती. तरुण पोरं लांब गेली म्हणून आपण रडतो, तो कागद लावला तर त्यातली बरीच परत येतील.

जत्रेला पंचायतीचा पैसा वापरता येतो का?

रस्ता, पाणी, दिवे, स्वच्छता अशी कामं पंचायत करू शकते, तिचंच काम आहे ते. वित्त आयोगाच्या निधीतला बराचसा भाग, पंधराव्या आयोगात तो ६० टक्के होता, पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो, तो कमानीला वळवता येत नाही. जत्रेच्या वर्षी गावात अचानक कुठली कामं निघाली ते बघा. पीडीओकडं (पंचायत विकास अधिकारी) माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपये फी, कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. आणि तो कन्नड किंवा इंग्रजीत लिहा, मराठीत दिला तर परत येतो आणि महिना वाया जातो. ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते, तिथं जाऊन बसा. आमच्याकडं ग्रामसभेला पंधरा माणसं असतात आणि कुस्तीच्या मैदानाला पंधराशे.

डॉल्बी बंद केली तर पोरं ऐकतील?

पूर्ण बंद नाही केली. तीन रात्रींची एक रात्र केली आणि दहा वाजता बंद, तो नियमच आहे. बाकीच्या दोन दिवशी भजनी मंडळ, लेझीम आणि गावचंच ढोलपथक. पोरं आठवडाभर रुसली होती.

कुणी वर्गणी दिली नाही तर?

आमच्याकडं वर्गणी चुलीमागं ठरते, प्रत्येक चुलीला सारखी. जुनी पद्धत अशी की दिली नाही तर ओटी घेत नाहीत, म्हणजे त्या घरच्या बाईला देवीपुढं जाता येत नाही. ह्याच्याएवढी वाईट गोष्ट मी जत्रेत दुसरी बघितली नाही. पैसे द्यायचे नवऱ्यानं, थकवले त्यानं, आणि ताट घेऊन परत फिरायचं तिनं. ह्यावेळी ठराव केला की ओटी आणि वर्गणी यांचा संबंध नाही. त्या ठरावावर दोन मीटिंगा मोडल्या. तिसऱ्या मीटिंगला सगळ्यात म्हातारे मानकरी काका उठले आणि म्हणाले, ओटी माझ्या हातानं जाते, मी कुणाची परत पाठवणार नाही. मग विषयच संपला.

आमच्या गावात सुरुवात कशी करू?

आधी मागच्या जत्रेची वही शोधा, कुणाच्या तरी ट्रंकेत असते. ती नसली तर बिलं शोधा, तीही नसली तर ज्यांनी शामियाना घातला होता त्यांना विचारा, धंदेवाल्यांकडं नोंद असते. नवीन वही दोघांच्या हातात द्या, एकाच्या नको, आणि त्यातली एक बाई असली तर बरं, आमच्याकडं बचत गटाच्या अध्यक्षा होत्या आणि त्यांनी माझ्या बेरजा दोनदा दुरुस्त केल्या. पावती नसलेला खर्च वेगळ्या पानावर लिहा, लपवू नका, लोक माफ करतात. रोजचा हिशेब दूध डेअरीच्या भिंतीवर लावा, देवळात नको. देवळात लोक हात जोडून जातात आणि वाचत नाहीत, डेअरीत कॅन घेऊन रांगेत उभे असतात, वाचण्याशिवाय दुसरं काम नसतं.

आणि शेवटच्या दिवशी तो मोठ्यानं वाचा. आमच्याकडं लक्ष्मी सीमेबाहेर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला, मांडव अर्धा सोडलेला, खाली भंडाऱ्यानं पिवळी झालेली माती. तासभर लागला. बाबा मागं खांबाला टेकून उभे होते, सगळं ऐकलं, घरी आल्यावर लाल वही मागून घेतली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर ह्या वर्षीचा घरचा खर्च लिहायला बसले. उजव्या बाजूला, पैसे कुठून आणले त्या रकान्यात, एकच ओळ होती, पिग्मी. ती मोडलेली नव्हती, मुदत भरलेली होती.